लिनक्सवर १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच अडकतो तेव्हा

मॉनिटरच्या खोक्यावर १४४ किंवा १६५ लिहिलेले असते, पण डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ६० च्या पुढचा आकडाच दिसत नाही. किंवा दिसतो, निवडताही येतो, आणि संगणक पुन्हा सुरू केला की परत ६०. किंवा सेटिंग्जमध्ये १४४ असूनही खिडकी ओढली की ती अडखळतच सरकते. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींची मुळेही वेगळी आहेत. एकीचा उपाय दुसरीवर करत बसण्यात बहुतेकांचा दिवस जातो. म्हणून ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याआधी एकच गोष्ट बघा: हवा तो रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो हर्ट्झमधला आकडा, यादीत आहे की नाही?

यादीत नसेल तर दोष खाली आहे, म्हणजे केबल, पोर्ट, मॉनिटरची माहिती किंवा ड्रायव्हर. डेस्कटॉपच्या सेटिंग्ज कितीही चाळल्या तरी फरक पडणार नाही. यादीत असेल पण चालत नसेल किंवा टिकत नसेल, तर केबल बहुतेक वेळा निर्दोष असते आणि गडबड डेस्कटॉपच्या बाजूला असते.

(पुढे कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची.)

यादी कुठे बघायची

एक्स११ सत्रात (खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या दोन व्यवस्थांपैकी जुनी एक्स११, नवी वेलँड) टर्मिनल उघडून नुसते 'एक्सरँडआर' टाइप करा. प्रत्येक रिझोल्यूशनसमोर त्याचे रेट ओळीने येतात. चालू रेटवर तारांकन असते आणि मॉनिटरच्या पसंतीच्या मोडपुढे (मोड म्हणजे रिझोल्यूशन आणि रेट यांची जोडी) अधिक चिन्ह. हे अधिक चिन्ह बऱ्याच गेमिंग मॉनिटरमध्ये ६० वरच असते, आणि पहिल्यांदा जोडल्यावर ६० मिळतो तो त्यामुळेच. तो बिघाड नाही, सेटिंग्जमध्ये एकदा १४४ निवडले की काम झाले.

वेलँड सत्रात मात्र 'एक्सरँडआर'वर विसंबू नका. तिथे ही कमांड एक्सवेलँडने (वेलँडवर जुने एक्स११ प्रोग्रॅम चालवणारा भाग) उभा केलेला देखावा दाखवते. प्रत्येक रिझोल्यूशनला एकच रेट दिसतो आणि बदलायला गेले तर बदलतही नाही. केडीई डेस्कटॉपमध्ये 'केस्क्रीन-डॉक्टर'ला 'ओ' हा पर्याय देऊन, स्वेमध्ये 'स्वेएमएसजी'ला 'गेट आउटपुट्स' विचारून, आणि ग्नोममध्ये सरळ सेटिंग्जच्या डिस्प्ले पानावर खरी यादी मिळते. कोणते सत्र चालू आहे ते ग्नोममध्ये सेटिंग्जच्या 'अबाउट' पानावर 'विंडोइंग सिस्टीम'समोर लिहिलेले असते.

यादीत १४४ ऐवजी १४३.९७ किंवा १४३.९१ दिसले, १२० ऐवजी ११९.८८ दिसले, तर काळजी करू नका. मॉनिटरच्या टायमिंगमध्ये पिक्सेल क्लॉक ठरावीक पायरीत लिहावा लागतो, म्हणून पूर्ण आकडा क्वचितच येतो. ५९.९४ आणि ११९.८८ हे तर टीव्हीच्या जुन्या १००० भागिले १००१ या गुणोत्तरातून आलेले आकडे आहेत.

यादीत रेटच नाही: आधी केबल आणि पोर्ट

इथे अंदाज बांधू नका, हिशोब करा. पडद्यावरचे ठिपके, त्यांच्याभोवतीची रिकामी जागा आणि सेकंदाला किती चित्रे, यांचा गुणाकार म्हणजे पिक्सेल क्लॉक. १९२०×१०८० ला ६० हर्ट्झसाठी तो १४८.५ मेगाहर्ट्झ असतो, १२० साठी २९७, आणि १४४ साठी टायमिंगनुसार साधारण ३२५ ते ३५०. २५६०×१४४० ला ६० साठी २४१.५ पुरतो, १४४ साठी ६०० च्या आसपास लागतो. ४के ६० साठी ५९४.

आता पोर्टची मर्यादा त्याशेजारी ठेवा. एचडीएमआय १.४ ची कमाल ३४० मेगाहर्ट्झ. म्हणूनच त्या पोर्टवर १०८० चा मॉनिटर बहुतेकदा १२० ला थांबतो, १४४० चा ६० किंवा ७५ ला आणि ४के ३० ला. एचडीएमआय २.० ची कमाल ६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे १४४० ला १४४ जेमतेम बसते आणि तेही ८ बिट रंगातच. १० बिट लावले की तेवढी जागा उरत नाही. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये चारही लेन (डेटाच्या समांतर वाटा) मिळून १७.२८ गिगाबिट प्रत्यक्ष डेटा जातो, १.४ मध्ये २५.९२. डिस्प्लेपोर्ट १.२ वर १४४० ला १६५ पर्यंत जाता येते. ४के १४४ ला मात्र १.४ सुद्धा कॉम्प्रेशनशिवाय, म्हणजे डीएससीशिवाय, अपुरे पडते.

तुमचा मॉनिटर ज्या आकड्याला अडतो तो या मर्यादांपैकी एखाद्याशी जुळला, तर कारण सापडलेच म्हणून समजा. पुढची ड्रायव्हरची खटपट करायची गरज नाही.

सगळ्यात जास्त फसवतात ते अडॅप्टर. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयमध्ये नेणारे साधे, म्हणजे पॅसिव्ह, अडॅप्टर दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकाराची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, दुसऱ्याची ३००. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पहिला प्रकार लावला की १०८० ला ६० च्या वर काहीच मिळत नाही, कारण १४८.५ नंतर जागाच संपते. लिनक्सचा ड्रायव्हर अडॅप्टरचा प्रकार ओळखून मर्यादेबाहेरचे मोड यादीतून स्वतःच काढून टाकतो. त्यामुळे ना एररचा संदेश, ना काळा पडदा, यादीच छोटी होते, आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. अडॅप्टर काढून थेट डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट केबल लावणे हाच यावरचा खरा उपाय.

यूएसबी-सी डॉकचेही तसेच. डॉकमध्ये यूएसबी ३ चा वेगवान डेटा चालू असेल तर डिस्प्लेपोर्टला चारपैकी दोनच लेन मिळतात, म्हणजे क्षमता निम्मी. काही डॉकमध्ये यूएसबीचा वेग कमी करून चारही लेन पडद्याला देण्याची सोय असते. ती सेटिंग शोधा, नाहीतर लॅपटॉपच्या पोर्टमधून थेट मॉनिटरपर्यंत केबल न्या.

केबलवर '२.१ केबल' किंवा '८के' छापलेले बघून खरेदी करू नका. एचडीएमआय केबलची अधिकृत नावे आहेत 'प्रीमियम हाय स्पीड' (१८ गिगाबिट) आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' (४८ गिगाबिट). नुसती 'हाय स्पीड' म्हणजे १०.२. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या सर्वात वेगवान दरासाठी 'डीपी८के' प्रमाणित केबल घ्या, आणि शक्यतो दोन मीटरच्या आतली.

आणि अगदी साधी, पण वारंवार निघणारी गोष्ट: केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये तर नाही ना? ग्राफिक्स कार्ड वेगळे असेल तर ती कार्डाच्याच पोर्टमध्ये हवी. जुन्या मदरबोर्डवरचे एचडीएमआय बऱ्याचदा १.४ असते.

एएमडी कार्ड, एचडीएमआय आणि ४के १२०

हा प्रश्न वेगळा काढावा लागतो, कारण यात तुमच्या हातून काहीच चुकलेले नसते. एएमडीने आपल्या ओपन सोर्स ड्रायव्हरसाठी एचडीएमआय २.१ चा भाग लिहिला होता, पण एचडीएमआय फोरमने तो खुला करायला परवानगी नाकारली. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे उघड झाले. त्या काळातल्या कर्नलवर (लिनक्सचा गाभा) कार्ड २.१ चे आणि टीव्हीही २.१ चा असला, तरी लिनक्सवर दुवा २.० च्या १८ गिगाबिटवरच चालतो. ४के १२० यादीत आलेच तर ४:२:० रंगात, म्हणजे रंगाची माहिती कमी करून, येते, आणि मग काळ्यावर लाल किंवा निळी अक्षरे फुटल्यासारखी दिसतात. कार्डावरचे डिस्प्लेपोर्ट वापरा, तिथे ही अडचण नाही. टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ ते एचडीएमआय २.१ असे ॲक्टिव्ह अडॅप्टर ४के १२० देऊ शकते, पण त्यातून व्हीआरआर (चित्रांच्या वेगाप्रमाणे बदलणारा रिफ्रेश रेट) मिळेलच असे धरून चालू नका.

मॉनिटरचा स्वतःचा मेनू

मॉनिटरच्या बटणांतून उघडणाऱ्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोय असते: १.१, १.२, १.४. ती १.१ वर असेल तर १४४० ला १४४ कधीच मिळणार नाही. एचडीएमआयसाठी 'डीप कलर' किंवा '१.४/२.० मोड' असा पर्याय असतो. १६५, १८० असे वरचे रेट काही मॉनिटरमध्ये 'ओव्हरक्लॉक' चालू केल्याशिवाय जाहीरच होत नाहीत. यातले काहीही बदलले की मॉनिटर संगणकाला आपली माहिती नव्याने देतो, म्हणून बदलल्यावर केबल काढून पुन्हा लावा. मॉनिटर चक्रावल्यासारखा वागत असेल तर वीज बंद करून प्लग अर्धा मिनिट काढून ठेवा. नुसते पॉवर बटण दाबून त्याचे आतले सर्किट बंद होत नाही.

ईडीआयडी: मॉनिटरची ओळखचिठ्ठी

मॉनिटर जोडला की तो एक छोटी फाइल संगणकाला देतो, तिचे नाव ईडीआयडी. कोणते मोड चालतात ते तिच्यात लिहिलेले असते. ही चिठ्ठी अर्धवट पोचली की यादीही अर्धवट येते.

ती प्रत्यक्ष बघता येते. '/सिस/क्लास/डीआरएम' या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टचा एक उपफोल्डर असतो, 'कार्ड१-डीपी-१' अशा नावाचा. त्यात 'ईडीआयडी' नावाची फाइल आहे. फाइल मॅनेजरमध्ये तिचा आकार शून्य दिसतो, ते तिथल्या फाइलींचे नेहमीचेच आहे. 'कॅट' कमांडने ती वाचून 'डब्ल्यूसी'ला 'सी' पर्यायासह द्या, मग खरा आकार कळेल. तो १२८ च्या पटीत असतो. नुसता १२८ आला तर पहिलाच ब्लॉक पोचला आहे, आणि वरचे रेट सहसा पुढच्या ब्लॉकांत असतात. याला एक तांत्रिक कारण आहे: पहिल्या ब्लॉकमध्ये पिक्सेल क्लॉकसाठी १६ बिट आहेत आणि एकक १० किलोहर्ट्झ, म्हणजे ६५५.३५ मेगाहर्ट्झच्या वरचा मोड तिथे लिहिताच येत नाही. ४के १४४ सारखे मोड पुढच्या डिस्प्लेआयडी ब्लॉकमध्येच बसतात.

फाइलचा अर्थ लावायला 'ईडीआयडी-डीकोड' हे साधन वापरा, जवळपास सगळ्या वितरणांच्या भांडारात ते आहे. त्यात १४४ चा मोड लिहिलेला असेल पण यादीत नसेल, तर तो ड्रायव्हरने गाळला आहे. म्हणजे पुन्हा दुव्याची क्षमता तपासा. डीकोडमध्येच नसेल तर मॉनिटरचा मेनू, केबल किंवा मध्ये बसवलेला केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर आणि कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणारा) यांच्यावर संशय घ्या. अनेक केव्हीएम आणि स्प्लिटर मॉनिटरची चिठ्ठी पुढे न देता स्वतःची साधी चिठ्ठी पुढे करतात.

चिठ्ठी अजिबात पोचली नाही तर रिझोल्यूशनच १०२४×७६८ वर येऊन बसते. अशा वेळी 'सुडो डीमेसेज'मध्ये 'ईडीआयडी' हा शब्द शोधा. चेकसम किंवा हेडर चुकल्याची तक्रार असेल तर आधी केबल बदला.

डिस्प्लेपोर्टचा दुवा कोणत्या वेगाने जुळला आहे, हेही एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये उघड दिसते. रूट होऊन '/सिस/कर्नल/डीबग/डीआरआय/०/डीपी-१' मधली 'लिंक_सेटिंग्ज' फाइल वाचा ('०' च्या जागी तुमच्या कार्डाचा क्रमांक). 'करंट'पुढे आधी लेनची संख्या आणि मग वेगाचा हेक्साडेसिमल आकडा असतो. त्या आकड्याला ०.२७ ने गुणले की एका लेनचा वेग गिगाबिटमध्ये मिळतो. शून्य-एक्स-एक-चार म्हणजे २०, म्हणून ५.४, डिस्प्लेपोर्ट १.२ चा दर. शून्य-एक्स-एक-ई म्हणजे ३०, म्हणून ८.१, १.४ चा दर. 'रिपोर्टेड'मध्ये ३० आणि 'व्हेरिफाइड'मध्ये २० किंवा १० दिसले, तर मॉनिटर वेगवान आहे पण सिग्नल तेवढा टिकला नाही. दोष केबलचा, यात फारशी शंका उरत नाही.

ड्रायव्हरच लोड झालेला नाही

'एलएसपीसीआय'ला 'के' पर्याय देऊन ग्राफिक्स कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ बघा. 'एएमडीजीपीयू', 'आय९१५', 'एक्सई', 'एनव्हिडिया' किंवा 'नूवो' यांपैकी काहीतरी हवे. ओळच नसेल, किंवा आउटपुटचे नाव 'डीपी-१' ऐवजी 'डीफॉल्ट' किंवा 'अननोन-१' असेल आणि मोड एकच असेल, तर फर्मवेअरने दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर काम चालले आहे. त्यात रिफ्रेश रेट बदलायची सोयच नसते. कधी कधी तिथे ७६ किंवा ७७ असा विचित्र आकडाही दिसतो. तो खरा नाही.

याची मुख्य कारणे दोन. पहिले, स्थापनेच्या वेळी दिलेले 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला मोड ठरवू न देणारा पर्याय) बूटच्या ओळीत तसेच राहून गेलेले असते. '/प्रॉक/सीएमडीलाइन' वाचा. असेल तर '/इटीसी/डीफॉल्ट/ग्रब' मधून काढा आणि ग्रब अपडेट करा.

दुसरे कारण एनव्हिडियावाल्यांना दर काही महिन्यांनी गाठते. कर्नल अपडेट होतो, नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) बनत नाही, किंवा बनते पण सिक्युअर बूट चालू असल्याने सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. 'डीकेएमएस स्टेटस' आणि 'मोकयूटिल'ला 'एसबी-स्टेट' पर्याय, या दोन कमांडनी एका मिनिटात खुलासा होतो. मॉड्यूल बनलेच नसेल तर कर्नलचे हेडर पॅकेज टाका. सहीचा प्रश्न असेल तर मोक किल्ली (संगणकाच्या मालकाची सहीची किल्ली) नोंदवा. सिक्युअर बूट कायमचे बंद करणे हा सोपा मार्ग आहे, पण किल्ली एकदा नोंदवली की पुढच्या अपडेटलाही उपयोगी पडते.

रेट यादीत आहे, पण टिकत नाही

'एक्सरँडआर'ने दिलेला बदल त्या सत्रापुरताच असतो. तो कायम हवा तर डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधून द्या, किंवा कमांड ऑटोस्टार्टमध्ये ठेवा. सेटिंग्जमधून देऊनही उडत असेल तर जुनी फाइल आड येत असावी. ग्नोम ही माहिती घरच्या फोल्डरातल्या '.कॉन्फिग/मॉनिटर्स.एक्सएमएल' मध्ये ठेवतो, केडीई '.लोकल/शेअर/केस्क्रीन' मध्ये आणि नव्या आवृत्त्यांत 'केविन'च्या आउटपुट फाइलमध्ये. तिचे नाव बदलून बाजूला ठेवा, लॉग आउट करून परत या आणि रेट नव्याने निवडा. पोर्ट बदलला की जुनी नोंद लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा. लॉगिनच्या पडद्याची सेटिंग वेगळी असते, तिथे ६० दिसले तर तो डेस्कटॉपचा दोष नाही.

झोपेतून जागे झाल्यावरच ६० होत असेल तर मॉनिटरच्या मेनूतली 'डीप स्लीप' बंद करून बघा. गाढ झोपेत गेलेला मॉनिटर चिठ्ठी द्यायला उशीर करतो आणि तोवर ड्रायव्हरने यादी ठरवून टाकलेली असते.

सेटिंग्जमध्ये १४४, डोळ्यांना ६०

हे बहुतेक दोन मॉनिटरवाल्यांचे दुखणे आहे. एक्स११ मध्ये सगळे मॉनिटर मिळून एकच मोठा पडदा असतो आणि कंपोझिटर (सगळ्या खिडक्या जोडून चित्र बनवणारा प्रोग्रॅम) सगळे चित्र एकाच तालावर काढतो. शेजारी ६० चा मॉनिटर असेल तर तो ताल बऱ्याचदा त्याचाच होतो. एनव्हिडियावर '__जीएल_सिंक_डिस्प्ले_डिव्हाइस' या पर्यावरण चलात वेगवान पोर्टचे नाव देऊन ताल बदलता येतो, पण मग संथ मॉनिटरवर चित्र फाटू शकते. खरा उपाय म्हणजे वेलँड. ग्नोम ३.३८ (२०२०) आणि केडीईच्या प्लाझ्मा ५.२१ (२०२१) पासून वेलँड सत्रात प्रत्येक मॉनिटर आपापल्या रेटने चालतो.

खात्री करायला दुसरा मॉनिटर काढून 'जीएलएक्सगिअर्स' चालवा. ते पडद्याच्या तालाशी बांधलेले असले की दर पाच सेकंदांनी छापलेल्या ओळीतला सेकंदाला किती फ्रेम (एफपीएस) हा आकडा रिफ्रेश रेटच्या जवळ येतो. १४४ आला आणि दुसरा मॉनिटर जोडताच ६० झाला, तर वरचेच कारण. सोबत मॉनिटरच्या मेनूतले माहितीचे पानही बघा. सिग्नल कितीचा येतो आहे ते तिथे कळते.

हाताने मोड घालायचा असेल तर

सगळे तपासून झाल्यावरच इकडे वळा. एक्स११ मध्ये 'सीव्हीटी' कमांडने मोडलाइन (मोडच्या टायमिंगची ओळ) बनवायची, 'एक्सरँडआर'च्या 'न्यूमोड'ने ती नोंदवायची, 'ॲडमोड'ने पोर्टला जोडायची आणि मग निवडायची. इथे एक खाच आहे. नुसती 'सीव्हीटी' जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठीची मोठी रिकामी जागा धरते. १०८० ला ६० साठी ती १७३ मेगाहर्ट्झ देते, तर 'आर' पर्याय लावल्यावर १३८.५. १६५ च्या मर्यादेत पहिली बसत नाही, दुसरी बसते. १०८० ला १४४ साठी तर ती थेट ४५२.५ मागते, जे एचडीएमआय १.४ ला कधीच पेलणार नाही. पण 'आर' पर्याय ६० च्या पटीतलेच रेट स्वीकारतो: १२० चालते, १४४ ला नकार मिळतो. म्हणून जुन्या पोर्टवर १४४ चा हट्ट धरण्यापेक्षा 'आर' लावून १२० घेणे शहाणपणाचे.

पडदा काळा झाला तर घाबरू नका, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर जा आणि तिथून संगणक पुन्हा सुरू करा. 'एक्सरँडआर'चा बदल टिकत नाही, हे इथे फायद्याचेच ठरते.

वेलँडवर 'न्यूमोड' चालत नाही. तिथे चांगल्या केबलवर, केव्हीएम काढून, मिळालेली ईडीआयडी फाइल '/लिब/फर्मवेअर/ईडीआयडी' मध्ये ठेवा आणि कर्नलच्या ओळीत 'डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर' ला पोर्टचे नाव, कोलन (:) आणि 'ईडीआयडी/' सह फाइलचे नाव द्या. ड्रायव्हर बूटच्या सुरुवातीलाच लोड होत असेल तर ती फाइल इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) घालावी लागते. ती घालायची राहिली की सगळे बरोबर लिहूनही परिणाम शून्य. केव्हीएम वापरणाऱ्यांसाठी हाच सर्वात टिकाऊ तोडगा आहे. एनव्हिडियाच्या स्वतंत्र ड्रायव्हरला एक्स११ मध्ये हेच काम करायला 'कस्टमईडीआयडी' हा पर्याय आहे.

एवढे करूनही डीकोडमध्ये दिसणारा मोड यादीत येत नसेल, तर तो ड्रायव्हरचा दोष असू शकतो आणि तो नोंदवायलाच हवा. एएमडीच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर 'डीआरएम/एएमडी' प्रकल्पात घेतल्या जातात. सोबत कर्नलची आवृत्ती, 'डीमेसेज'चे पूर्ण आउटपुट, ईडीआयडी फाइल आणि केबल कोणत्या पोर्टमधून कोणत्या पोर्टमध्ये जाते ते द्या. ईडीआयडीमध्ये मॉनिटरचा अनुक्रमांक असतो. तो जाहीर करायचा नसेल तर मूळ फाइलऐवजी ईडीआयडी-डीकोडचा, अनुक्रमांक लपवलेला मजकूर जोडा.